तिसरीत जाणाऱ्या मुलाचा उन्हाळी अभ्यास : किती द्यायचा, कोणता द्यायचा?

शुभांगी_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. एक मेला निकाल लागला. लेक दुसरी पास झाला, जूनमध्ये तिसरीत बसेल. निकालाच्या संध्याकाळीच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सुट्टीतील अभ्यास' म्हणून भलीमोठी पीडीएफ आली. रोज एक पान मराठी शुद्धलेखन, एक पान इंग्रजी हस्ताक्षर, दोन ते वीस पाढे रोज लिहून काढायचे. त्यावर प्रकल्प : थर्माकोलचा किल्ला, जलचक्राचा तक्ता, पानांचा संग्रह, टाकाऊतून टिकाऊ. सगळं शाळा उघडल्यावर जमा करायचं.

ग्रुपवरच्या आया लगेच कामाला लागल्या. कुणी किल्ल्यासाठी थर्माकोल आणला, कुणी विचारतंय की नवी पेठेत तयार तक्ते कुठल्या दुकानात मिळतात. मुलं यात कुठेच नाहीत, आणि मला तेच खुपतंय.

कारण माझ्या मुलाला खरोखर जिथे अडतं ते त्या पीडीएफमध्ये नाहीच. तो वाचतो, पण जोडाक्षर आलं की थांबतो. 'सूर्य' नीट वाचतो आणि पुढच्याच ओळीत 'पर्वत'चा 'परवत' करतो. हातच्याची वजाबाकी चुकते. काल 52 वजा 38 दिलं तर 26 लिहिलं, आणि त्याला ते बरोबरच वाटत होतं. तिसरीत तीन अंकी वजाबाकी सुरू झाली की हा मागे पडेल अशी भीती वाटते.

दुपारी अकराच्या पुढे बाहेर पाय ठेवता येत नाही, पारा 43 च्या वर. म्हणजे घरात वेळ आहे. तो वेळ कशाला द्यावा? शाळेनं दिलेलं पूर्ण करायला की मुलाला जे येत नाही त्याला? ज्यांची मुलं या वयातून गेली आहेत त्यांनी आणि कुणी शिक्षक असतील तर त्यांनी कृपया सांगा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

ताई, मी तर म्हणतो सुट्टीत पाटी-पेन्सिल बाजूलाच ठेवा. लेकरं वर्षभर सकाळी उठून रिक्षात कोंबून जातात. मामाच्या गावाला जाऊ द्या, विहिरीत पोहायला शिकू द्या. आम्ही कुठं सुट्टीत अभ्यास केला होता?

आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. माझी मोठी मुलगी सुट्टीत कारखान्यावर येऊन बसायची. यंत्रमागाजवळ जाऊ द्यायचो नाही, पॅकिंगच्या खोलीत बसायची. आमचा सगळा हिशोब डझनावर. सात डझनाचे किती नग, पन्नास नगांत डझन किती आणि सुटे किती, हे ती बसल्या बसल्या सांगायला लागली. बाराचा पाढा तिला आम्ही पाठ करायला कधी लावलाच नाही. चौथीत गेली तेव्हा तो तिला येतच होता.

फळा_खडू

शुभांगीताई, मी मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथीचे वर्ग बरीच वर्षं घेते. सविस्तर लिहिते.

52 वजा 38 बरोबर 26 हे उत्तर निष्काळजीपणाचं नाही. तुमचा मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. वजाबाकी त्याला येते. एक दशक सुटं करून दहा एकक मिळतात, एवढंच त्याच्या हाताखालून गेलेलं नाही. ही चूक मला दर वर्षी दिसते. अशी वीस उदाहरणं वहीत सोडवून घेतली तर ती जात नाही, उलट पक्की होते.

खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, यातल्या मला अडतीस दे. तीन गठ्ठे लगेच देईल. मग आठ सुट्या मागा. त्याच्याकडे सुट्या दोनच. इथं तुम्ही गप्प बसायचं. रबर काढ असं सांगायचं नाही, गठ्ठ्याकडे बघायचंसुद्धा नाही. थोडा वेळ जाईल, तो तुमच्या तोंडाकडे बघेल, मग स्वतःच गठ्ठा सोडेल. आता सुट्या बारा झाल्या, आठ दिल्या, चार राहिल्या, शिवाय एक गठ्ठा. चौदा. त्याच बैठकीत त्याला विचारा की मघाशी सव्वीस कसे आले होते. मुलं आपली चूक फार छान समजावून सांगतात.

काड्यांनी जमलं की काड्या शेजारी ठेवून कागदावर करायचं, मग नुसत्या कागदावर. घाई करू नका. रोज तीन-चार उदाहरणं पुष्कळ झाली.

आता वाचनाचं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. त्यात इयत्तेवार अपेक्षा दिल्यात. दुसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत, तिसरीच्या अखेरीस किमान 60. संख्यांचं बघितलं तर पहिलीच्या अखेरीस 99 पर्यंत, दुसरीच्या अखेरीस 999 पर्यंत, तिसरीच्या अखेरीस 9999 पर्यंत. म्हणजे तिसरीत जाताना मुलाजवळ काय असावं याचा अंदाज येतो. दुसरीच्या पुस्तकातला त्यानं न घोकलेला उतारा घ्या, मोबाईलवर एक मिनिट लावा, बरोबर वाचलेले शब्द मोजा. नंतर दोन प्रश्न विचारा. एक उताऱ्यात सरळ उत्तर असलेला, एक 'तुला काय वाटतं' असा. परीक्षा आहे असं त्याला कळू देऊ नका. कमी भरले तर रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचन, तुमच्या शेजारी बसून. तुम्ही एक परिच्छेद वाचायचा, एक त्यानं.

रफार चुकणं नेहमीचंच. 'र' चार वेशांत येतो : सूर्य, चक्र, राष्ट्र, कुऱ्हाड. चारही एका दिवशी शिकवू नका. आठवडाभर फक्त रफार. संध्याकाळी विजापूर रोडनं चालत जा आणि पाट्या वाचायला सांगा. ज्वेलर्स, इलेक्ट्रिकल्स, प्रोव्हिजन, हार्डवेअर्स, ट्रॅव्हल्स. जोडाक्षरांचा एवढा सराव कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही आणि मुलांना तो अभ्यास वाटत नाही.

पाढे वीसपर्यंत रोज लिहायला लावणं मला अजिबात पटत नाही. तिसरीत जाणाऱ्याला दहापर्यंतचे पक्के असले, आणि सहा चोक चोवीस म्हणजे सहाचे चार ढीग हे कळत असलं की झालं.

पूर्वभागकर

फळा_खडू बाई, खूप उपयोगी लिहिलंत. आमची अडचण थोडी वेगळी आहे, पण सोलापुरात अशी घरं हजारो असतील.

आमच्या घरात तेलुगू. मुलगी मराठी शाळेत, आता दुसरीत जाईल. शाळेत असते तोवर मराठी ठीक असतं. उन्हाळ्यात दीड महिना कानावर मराठी पडतच नाही आणि जूनमध्ये ती वर्गात गप्प बसते. मागच्या वर्षी पहिलीच्या बाई म्हणाल्या, घरी मराठीच बोला. पण माझ्या आईला मराठी मोडकंतोडकं येतं. ती नातीशी बोलायचंच बंद करणार का?

एक गोष्ट मात्र आपोआप चालू झालीय. आई विड्या वळते. मुलीला पानाला आणि तंबाखूला हात लावू देत नाही, लांब बसवतो. पण कारखान्यात देताना आईचा हिशोब मुलगीच लिहिते. पंचवीसची एक जुडी, चार जुड्यांचे शंभर, चाळीस जुड्यांचे हजार. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर हे ती मराठीत म्हणते, आजी तेलुगूत म्हणते. दोघींचं जुळलं की आजी मान डोलावते.

भाषेचं काय करू?

फळा_खडू

पूर्वभागकर दादा, घरी तेलुगूच बोला. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते त्याला दुसरी भाषा लवकर येते. जे तेलुगूतही गप्प राहतं त्याचं अवघड होतं. आजीला रोज रात्री एक गोष्ट सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलीनं तुम्हाला मराठीत सांगायची. शब्द अडला की तेलुगू शब्द चालेल, तुम्ही मराठी शब्द सुचवा आणि पुढे जाऊ द्या.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं गोष्टींचं संकेतस्थळ आहे, मोबाईलवर फुकट. तिथं तीच गोष्ट तेलुगूतही मिळते आणि मराठीतही, कन्नडमध्येसुद्धा. पातळी एकपासून चारपर्यंत असते. तुमच्या मुलीला पहिल्या पातळीपासून सुरू करा, सोपं वाटलं तरी. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. ते तिला अजून जड जातील, पण तुम्ही वाचून दाखवा.

आणि जुड्यांचा हिशोब चालू ठेवा. फक्त तो तिनं तोंडी सांगितल्यावर आकड्यातही लिहावा.

सात_रस्ता_आजोबा

पाढ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. मी बँकेत नोकरी केली, आता सत्तरी ओलांडली. आम्हाला तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे पाठ होते. आजही भाजीवाल्याकडे पावणेतीन किलोचा हिशोब मला यंत्राशिवाय जमतो. समजून घ्या, समजून घ्या म्हणता म्हणता पाठांतर गेलं आणि पाचवीतली मुलं सात आठे किती हे बोटांवर मोजतात. ते बघून जीव तुटतो.

मात्र बाईंचं एक मान्य. लिहून काढण्यात अर्थ नाही. पाढा तोंडानंच म्हणायचा आणि चारचौघांत म्हणायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात अजूनही गच्चीवर झोपतात. अंथरुणं पडली की नातवंडं ओळीनं पाढे म्हणतात, एक चुकला की दुसरा उचलतो. त्यांना ती शिक्षा वाटत नाही. त्यात निमकी घातली आहे : एक निम अर्धा, दोन निम एक, तीन निम दीड. चौथीत जाणाऱ्या नातीला अपूर्णांक शिकवताना याचा फार उपयोग होणार आहे.

फळा_खडू

आजोबा, गच्चीवरचे पाढे मला मनापासून आवडले. पाठांतराला माझा विरोध नाहीच. रोज दोन ते वीस उतरवून काढताना मूल पहिल्या रकान्यात सगळीकडे 2 लिहितं, मग दुसऱ्या रकान्यात 1, 2, 3. उभं उभं भरत जातं. पान भरतं आणि एकही पाढा डोक्यात जात नाही. ते बंद करा एवढंच म्हणणं.

मृण्मयी_माहेरसोलापूर

मी पुण्यात असते, मुलांना घेऊन दर उन्हाळ्यात माहेरी सोलापूरला येते. थोडं अभ्यासकांचं सांगते, कारण 'सुट्टीत सगळं विसरतात' हे आपण ऐकीव बोलतो.

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये त्या आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष साधारण असा, की उन्हाळी सुट्टीनंतर मुलं सरासरी एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जातात. सगळ्यात जास्त घसरण गणिती क्रिया आणि स्पेलिंगमध्ये. वाचनात फरक घरागणिक होता. बऱ्या परिस्थितीतल्या घरांत मुलं वाचनात टिकली किंवा थोडी पुढे गेली, गरीब घरांत मागे पडली. नंतरच्या काही संशोधकांनी ही घसरण एवढी मोठी आहे का यावर शंका घेतली आहे. शिवाय तिथली सुट्टी अडीच महिन्यांच्या आसपास, आपली दीड महिन्याची. तरी दोन गोष्टी मला पटतात. गणित हाताखाली राहिलं नाही तर गंजतं. आणि पुस्तक नसलेल्या घराला सुट्टी महाग पडते. म्हणून टॉवेलवाला दादांचं 'सुट्टीत काहीच नको' हे त्यांच्या घराला चालेल, जिथे डझनाचा हिशोब कानावर पडतो. सगळ्या घरांना नाही चालणार.

आम्ही इथं आलो की दोन गोष्टी करतो. एक, वर्तमानपत्रातून सोलापूरचं रोजचं कमाल तापमान मुलगा वहीत लिहितो आणि चौकटीच्या कागदावर टिंब देऊन रेघ जोडतो. वळवाचा पाऊस पडला की रेघ धाडकन खाली येते. ती का आली हे त्याचं त्यानंच आजोबांना सांगितलं. दोन, संध्याकाळी गावातल्या जागा. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक दाखवलं. जन्म 1910, चीनला गेले 1938, मृत्यू 1942. 'मग ते किती वर्षांचे होते?' हे मुलानं आपणहून काढलं. बत्तीस हे उत्तर आलं तेव्हा म्हणाला, म्हणजे मामाएवढे. हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ चौघांची नावं मोठ्यानं वाचली : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. चौथीत जाणाऱ्या मुलाला हे पेलतं. माझी धाकटी दुसरीत जाईल, तिला नुसती नावं वाचता आली तरी मी खूश होते.

शुभांगी_जुळेसोलापूर

सगळ्यांचे खूप आभार. काय केलं ते सांगते.

खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे केले. बाईंनी लिहिलं तसंच झालं. तीन गठ्ठे दिले, आठ सुट्या मागितल्यावर थांबला. मला राहवत नव्हतं पण बोलले नाही. त्यानं आधी विचारलं, 'आई, रबर काढलं तर चालेल?' चालेल म्हटलं. चौदा आले. मग 26 कसे आले होते ते त्यानं मलाच शिकवलं, मोठ्या माणसासारखं. आता शंभराच्या गड्डीचा नाद लागलाय, दहा गठ्ठे एकत्र बांधून ठेवलेत.

आणखी एक सुचलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, मध्ये काही दिवस जातात. घरात पिंप, घागरी, बादल्या भरून ठेवतो. पाणी आलं की कुठल्या भांड्यात किती लिटर मावतं ते तो लिटरच्या मापानं मोजतो आणि कागदावर लिहून भांड्यावर चिकटवतो. मग रोज संध्याकाळी किती शिल्लक ते वजाबाकीनं काढतो. हातच्याची उदाहरणं मला बनवावीच लागत नाहीत.

शाळेचं मात्र काय करावं कळत नाही. किल्ला आणि तक्ते नाही दिले तर मुलाला वर्गात बोलणी बसतील का?

रोहिणी_बाळे

शुभांगी, वर्गशिक्षिकेशी ग्रुपवर न बोलता स्वतंत्र फोनवर बोल. ग्रुपवर लिहिलं की ते तक्रारीसारखं दिसतं आणि बाकीच्या आयाही बाजू घ्यायला लागतात. बोलताना तुझ्याकडे आधार आहे. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. हे शाळा चालू असतानाच्या गृहपाठाबद्दल आहे, पण सुट्टीत त्याहून जास्त असावं असं तर कुणीच म्हणणार नाही. भांडायला म्हणून नको वापरू. 'मुलगा स्वतः हे एवढं करेल, चालेल का?' असं विचार. बहुतेक शिक्षकांनाही आयांनी केलेले किल्ले नकोच असतात. वरून सांगितलेलं असतं म्हणून देतात.

फळा_खडू

रोहिणीताईंशी सहमत. एक सावधगिरी सुचवते. काही पालक पुढच्या इयत्तेची जुनी पुस्तकं आणून आत्ताच धडे उरकतात. राज्यात नवीन अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत, पहिलीचं 2025-26 ला बदललं. भावंडाच्या जुन्या पुस्तकातलं शिकवलं तर जूनमध्ये वेगळंच पुस्तक हाती येऊ शकतं. पुढचं शिकवूच नका. मागचं पक्कं करा. आणि चौथीच्या पालकांनी स्कॉलरशिपच्या गाईडचं ओझंही मे महिन्यात टाकू नये.

शुभांगी_जुळेसोलापूर

वर्गाच्या बाईंशी फोनवर बोलले. त्या शांतपणे ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, थर्माकोल आणूच नका, त्यानं अंगणात मातीचा किल्ला केला तर फोटो पाठवा. शुद्धलेखनाऐवजी रोज वाचलेल्या गोष्टीचं नाव आणि आवडलेलं एक वाक्य, एवढं त्याच्या अक्षरात चालेल. पाण्याच्या भांड्यांचा तक्ता प्रकल्प म्हणून घेणार आहेत. पाढे म्हणून घेईन, लिहून नाही, हेही मान्य केलं. बाकीच्या मुलांसाठीही असंच सांगाल का विचारलं, तर म्हणाल्या मुख्याध्यापकांशी बोलून बघते.

कुंभारीची_आई

मधेच विचारते. माझा मुलगा जूनमध्ये पहिलीत जाईल. त्याला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही. शेजारच्या मुलीला शंभरपर्यंत अंक लिहिता येतात. मी सुट्टीत गिरवून घेऊ का?

फळा_खडू

गिरवून घेऊ नका, ताई. पहिलीत जाणाऱ्या लेकराच्या बोटांत आधी जोर यायला हवा. कणकेचे गोळे करू द्या, शेंगा सोलू द्या, कपड्यांना चिमटे लावू द्या, शर्टाची बटणं त्याची त्यालाच लावू द्या. कुरडया-पापडाचे दिवस आहेत, पापडाच्या लाट्या मोजून द्यायला सांगा : पाच-पाचच्या ओळी. जमिनीवर खडूनं मोठ्या रेघा, गोल, नागमोडी काढू दे. स्वतःचं नाव, आई-बाबांचं नाव, घराचा पत्ता सांगता यावा. गोष्ट ऐकून 'पुढं काय झालं असेल' याचं उत्तर देता यावं. एवढं असलं तर पहिलीच्या बाईंचं काम सोपं होतं, अक्षरं त्या शिकवतील.

राज्यात 2022 पासून 'पहिलं पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान घेतलं जातं. शाळेत मेळावा भरतो, मुलाला काय येतं ते वेगवेगळ्या टेबलांवर खेळातून बघतात आणि आयांच्या गटाला घरी करायच्या कृतींची आयडिया कार्डं देतात. दुसरा मेळावा जूनमध्ये शाळा उघडताना असतो. तुमच्या शाळेत कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारा. शाळा बंद असेल तर अंगणवाडीताईंना विचारा, आयांचे गट करताना त्याही सोबत असतात. पहिल्या मेळाव्याला गेला नसाल तरी दुसऱ्याला जाता येतं. कार्डं तिथंच मागून घ्या.